शेठचा उतरलेला फोन

मांगच्या दसऱ्याची गोष्ट. चिखलीत मोटारपंपाचं दुकान, तथी मी आठ वर्सांपासून कामाले. शेठनं नव्या मोबाईलले कुंकू लावलं, फूल वाह्यलं. मंग जुना उचलला अन् मले हाक मारली.

"हात पुढं कर बे."

केला. त्यायनं फोन हातात देला नाही. वीतभर वरून सोडला. माह्या बोटाले लागून फरशीवर पडला, काचेले तडा गेला. गिऱ्हाईकं हासले. शेठ म्हणे, "तुमच्या हातात काहीच टिकत नाही."

तुमच्या. एकट्या मले म्हणले नाही ते, आमच्या साऱ्या जातीले म्हणले. मले समजलं. दुकानातल्या साऱ्यायले समजलं. अन् मी काय केलं? वाकलो, उचलला, म्हटलं, "मेहरबानी शेठ." आजबी आठवलं का सोताच्याच थोबाडीत मारून घ्यावी वाटते.

हा तिसरा फोन. दर दसऱ्याले शेठचा बदले, म्हून माहा बदले. मले गरज हाये का नाही, कोण विचारते? फुकट ते पौष्टिक. मीबी अमडापुरात, आमच्या गावात, भारीचा फोन दाखवत फिरलो.

औंदा दसऱ्याले आठ दिवस होते. दुकानात गेलो तर शेठ दोन गिऱ्हायकायले सोताच्या फोनवर काहीतरी दाखवून राह्यले होते. मले पाहून म्हणे, "तुही बायको पांढऱ्या लुगड्यात बरी दिसते बे."

फोन माह्यापुढं धरला. पौर्णिमेले विहारासमोर उभी माही बायको. माही पोरगी. खाटेवर माय, सुजलेले पाय उघडे. डॉक्टरले दाखवाले काढला होता तो फोटो. सारे मीच काढलेले. फोन देताना "फोनातलं माहं खातं राहू दे, काढू नको" म्हणला होता शेठ. मी काढलं नाही. काऊन, ते विचारलंबी नाही. माह्या घरातला हरेक फोटो त्या खात्यातून त्याच्या फोनात जाऊन राह्यला होता. वर्सभर.

"डिलीट करा," म्हटलं.

"फोन कोणाचा हाये?"

खरंच त्याचाच होता.

घरी सांगतलं. बायको जेवली नाही. पांढरं लुगडं घडी करून पेटीच्या तळाशी ठेवलं तिनं. माय म्हणे, "तुह्या आज्यानं धम्म घेतला त्या दसऱ्याले उरलीसुरली भाकर मागाची टोपली जाळली. तू घरात काय घेऊन आला?"

दुसऱ्या दिवशी साधा, स्वस्तातला फोन घेतला. फोटो धुकट येते, पण डब्बा नवाकोरा, बंद होता. वरचं प्लास्टिक बायकोनं फाडलं. खातं तिच्याच नावानं उघडलं.

दसऱ्याले पुन्हा हाक आली. मी हात मांगं बांधून उभा. शेठचा हात फोन धरून तसाच वर.

"घे बे."

"नाही पाह्यजे."

"काऊन? तुह्या डबड्यापेक्षा भारी हाये."

"असन. डबडं माहं हाये."

तडकलेला फोन काढून त्याच्या पूजेच्या पाटावर ठेवला. हातानं ठेवला, वरून नाही सोडला. म्हटलं, "माह्या घरचे फोटो माह्यासमोर पुसा. तवरक हालत नाही."

"उद्यापासून कामाले येऊ नको."

"येत नाही. आदी पुसा."

माहा आवाज रस्त्यावर गेला. लोकं थांबले. शेठनं एकएक फोटो पुसला. मी मोजत नव्हतो, पाहत होतो. मायचे पाय, पोरगी, पांढरं लुगडं. सारे गेले तवा पायरी उतरलो.

आता अमडापुरातच पंप दुरुस्त करतो. कधी काम असते, कधी नसते. हा फोन चालन तवरक चालवीन, बंद पडन तवा पुढचा कोणता घ्याचा ते मी ठरवीन. बायकोनं लुगडं पेटीतून काढलं, पुढच्या पौर्णिमेले नेसली, फोटो मीच काढला. पोरीले सांगून ठेवलं हाये, कोणी वरून काही सोडलं तर खाली हात धराचा नाही. पडू द्याचं. वाकाचं नाही.