ताटातलं अलान्या

"हा किल्ला," म्हणत काका वरणाची वाटी ताटाच्या मधोमध ओढायचे. "डावीकडे क्लिओपात्रा बीच, उजवीकडे बंदर आणि लाल बुरूज. आधी किल्ला, मग समुद्र!" लिंबाची फोड म्हणजे गुहा.

"वरण निवतंय," काकू म्हणायच्या.

अमेरिकेत, पिस्कॅटवेला, माझ्या वरच्या मजल्यावर हे नागपूरचं जोडपं राहायचं. काका सॉफ्टवेअरमध्ये होते. मी पीएचडी करत होते आणि रविवारी हक्काने त्यांच्याकडे जेवायला जायचे. काकांना ऑफिसातल्या एका तुर्की माणसाने त्याच्या गावचं, अलान्याचं, पिक्चर पोस्टकार्ड दिलं होतं. ते पाहून काकू म्हणाल्या, "इथं जाऊ या." इतक्या वर्षांत त्यांनी मागितलेली ही एकच गोष्ट. झालं, काकांनी अख्खं गाव पाठ केलं.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. सगळं पाठ, पण जातील तर शपथ!

पहिल्यांदा तिकिटं कॅन्सल केली, कारण पासपोर्टवरच्या अमेरिकन व्हिसाची मुदत संपली होती. अमेरिकेबाहेर पडलं की परत येण्याआधी नव्या शिक्क्यासाठी मुंबई गाठणं आलं. "स्टॅम्पिंगला अडकलो तर जॉब जाईल ना!" काका म्हणाले. दुसऱ्यांदा तर बॅगा भरून झाल्या होत्या आणि ग्रीन कार्डच्या रांगेत अचानक त्यांचा नंबर लागला. अर्ज भरायचा तर दोघंही अमेरिकेत हजर हवेत. काकूंनी मुकाट्याने बॅगा रिकाम्या केल्या. काका मला सांगत बसले, की क्लिओपात्राची वाळू दुपारी फार तापते.

माझं डोकंच फिरलं. "काका, बास करा आता!" मी ओरडलेच. ते ओशाळं हसले आणि पुढच्या रविवारी वाटी पुन्हा मधोमध आली.

ग्रीन कार्ड काही आलं नाही. २००८ मध्ये नोकरी गेली, दुसरी मिळेना, शेवटी दोघं नागपूरला परत निघाले. एअरपोर्टला जाताना मीच ड्राइव्ह करत होते.

"आता कुठलाच अर्ज आड येत नाही," मी म्हटलं. "वाटेत चार दिवस अलान्याला उतरा ना."

"एवढं सामान घेऊन? पुढच्या वेळी नीट प्लॅन करून जाऊ."

"पुरे," मागच्या सीटवरून काकू म्हणाल्या. "मला नाही बघायचं ते गाव."

टर्मिनलपाशी काकूंनी मला जवळ घेतलं आणि त्या आत निघाल्या. काका ट्रॉली धरून तिथेच उभे राहिले.

"तिला पाण्याची भीती वाटते गं," ते म्हणाले. "हात धरून तिला गुडघाभर पाण्यात उभं करणार होतो. मला तेवढंच करायचं होतं."

"हे त्यांना कधी सांगितलंत का?"

काकांनी नाही अशी मान हलवली आणि ट्रॉली ढकलत ते घाईघाईने आत गेले. काकू त्यांच्यासाठी थांबल्या नव्हत्या.