चाचींच्या मागच्या खोलीतली ड्रिल

उमरग्याजवळच्या मुरुम गावात माझ्या शेजारी पिठाची गिरणी चालवणाऱ्या चाची नसत्या, तर मी आज पाळणे करत नसतो. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं सगळं माझ्याच हुशारीनं झालं असं वाटेल.

मी मूळचा भंडाऱ्याकडचा. आठवीत शाळा सुटली ती सुटलीच. एका ठेकेदाराबरोबर दारं-खिडक्या करायला इकडं आलो. काम संपलं, टोळी पुढच्या गावाला गेली आणि मी राहिलो. गिरणीला लागून असलेली पत्र्याची खोली भाड्यानं घेतली आणि लाकडी पाळणे करू लागलो.

पाळण्याच्या वरच्या आणि खालच्या पट्टीत गोल दांड्या बसतात. त्यांची भोकं समोरासमोर आणि सरळ यावी लागतात. हातातल्या ड्रिलनं ती कलतात, दांडी ताणात बसते आणि काही दिवसांत पट्टीला चीर जाते. उमरग्याच्या फर्निचरवाल्यानं माझे असेच पाळणे परत पाठवले होते. रागावला नाही. "भोकं सरळ आली तर माल घेतो, न्हायतर राहू दे," एवढंच म्हणाला. भोकं सरळ यायला उभ्या खांबावर बसवलेली पिलर ड्रिल हवी आणि जवळच्या पैशात एकच येणार होती. ती चुकीची निघाली की पुन्हा टोळीत जायचं. मला रात्रंदिवस तेवढंच दिसत होतं.

नवी मशीन सोलापूरच्या दुकानात होती. जुनी उमरग्याच्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडं. त्यानं वर्कशॉप बंद करून ती शेतातल्या शेडमध्ये नेऊन ठेवली होती. चाचींना गिरणीचा पट्टा आणायचा होता, म्हणून आम्ही एकाच एसटीनं निघालो.

दिवस कुठला आहे हे माझ्या डोक्यातच नव्हतं. शेडमध्ये गेलो तर मशीनला झेंडूचा हार, टेबलावर हळदीकुंकू. खंडेनवमी होती. मशीन मात्र बघत राहावी अशी. ओतीव बिडाची, माणसाएवढी उंच.

"जरा चालू करून दाखवता का?" मी विचारलं.

"आज? आज हत्याराला हात लावत न्हायत, पाव्हणं. तुमच्याकडं लावतात काय?"

आमच्याकडंही लावत नाहीत.

"बयाना देऊन जावा," तो म्हणाला. "उद्या आणखी एकजण बघायला येणार हाय."

त्या न पाहिलेल्या माणसाची मला अशी धास्ती वाटली की हात खिशाकडं गेला. चाची तोवर बाजेवर टेकल्या होत्या.

"माझ्या गिरणीलाबी आज हार हाय," त्या म्हणाल्या. "गिऱ्हाईकांनीच घातलाय. दळण बंद. मशीनला सुट्टी तर बयान्यालाबी सुट्टी. काय म्हणता?"

तो हसला. "चाची, तुम्ही वकील व्हायला पायजे होतं."

"झाले असते. पर मग पीठ कुणी दळलं असतं?"

परतताना मी कुरकुरलो, दुसऱ्यानं घेतली तर?

"घेतली तर घेतली. तुझी व्हती काय ती?"

दसऱ्याला मी एकटाच सोलापूरला गेलो. नवी मशीन चकचकीत, सोबत गॅरंटीचं कार्ड. घरच्या लाईटवर चालते, असं दुकानदारानं दोनदा सांगितलं. मी पाळण्याची पट्टी बरोबर नेली होती. ती टेबलावर ठेवली तर अर्धी बाहेर लोंबली. दांडा खाली ओढला की मशीनचं डोकं किंचित वर उचललं जायचं, म्हणजे भोक पुन्हा कललंच असतं. "नवी आहे, बसेल हळूहळू," तो म्हणाला. मला त्याचं पटवून घ्यायचं होतं, पण पटलं नाही. उद्या कळवतो म्हणून निघालो.

दुसऱ्या दिवशी चाचींना घेऊन पुन्हा शेडवर. तो दुसरा माणूस आलाच नव्हता.

"जरा बसा," मालक म्हणाला. "लाईट यायचीय."

चाचींनी वर बघितलं. "बल्ब तर जळतोय की तुमचा."

"तो घरगुती लाईनचा. मशीन थ्री फेजची हाय. बोअरच्या मोटारीला लाईट येती ना, तीच हिला लागती."

आम्ही भुईमुगाच्या शेंगा खात बसलो. माझ्या खोलीतही बल्ब जळतो तेवढीच लाईट. बयाना दिला असता तर ही मशीन माझ्याकडं नुसती उभी राहिली असती.

बोअर घुमू लागली तशी त्यानं बटण दाबलं. खरखर ऐकून मी मागं सरलो. चाचींनी मशीनच्या अंगावर हात ठेवला.

"वरचं बेअरिंग गेलंय. ते मिळतं उमरग्यात. तू भोक पाड."

पाडलं. दांडी बसवली. ती सरळ उभी राहिली, तिला धरावंही लागलं नाही.

"पण चाची, ही माझ्याकडं चालणार नाही. आणि मोटार बदलायला पैसे उरत नाहीत."

"मला दिसतंय की. माझ्या गिरणीला थ्री फेज हाय. मागची खोली रिकामी करते."

"तिथं तुमची ज्वारीची पोती आहेत."

"पोती काय म्हणणार हायत, आम्हाला इथंच ठेवा म्हणून?"

मी लाकडाच्या भुशाचं विचारलं.

"मधलं दार लावून घ्यायचं. पिठात लाकूड सापडलं तर बायका मला न्हाय, तुला धरतील."

मालकानं बयाना घेताना मशीनवरचा सुकलेला हार काढून चाचींच्याच हातात दिला.

फर्निचरवाल्यानं पुढचे पाळणे उलटेपालटे करून बघितले आणि ठेवून घेतले. आता तो स्वतःच फोन करतो. गावाकडं आईला मी सांगितलं, इथंच राहतोय.

चाचींची पोती मात्र गिरणीच्या पुढच्या बोळात आली. बायका डबे घेऊन अंग चोरून आत येतात. पावसाळ्यात बोळाला ओल येते, तेव्हा आम्ही दोघं पोती उचलून फळ्यांवर ठेवतो. चाचींनी कधी तक्रार केली नाही. मलाच दर वेळी कसंतरी होतं.

माझी स्वतःची जागा होईल, तिथं थ्री फेज येईल, तेव्हा ती खोली मी त्यांना परत देणार आहे. तिन्ही भिंतींना सागवानी मांडण्या करून, एकही पोतं जमिनीला टेकणार नाही अशी.