भूगोल वाचणारी बाई

खून, दरोडे, बांधावरून झालेल्या हाणामाऱ्या यांचे तपास नोकरीत पुष्कळ केले. त्यातले बरेचसे आता विसरलोही. भोरची ती केस मात्र आजही आठवते, आणि आठवते ती आवाजासकट.

सकाळची हजेरी नुकतीच आटोपली होती. पुण्याहून एका प्रकाशनाचा माणूस लेखी तक्रार घेऊन आला. स्पर्धा परीक्षेसाठीचं त्यांचं भूगोलाचं पुस्तक कुणीतरी अख्खं वाचून रेकॉर्ड केलं होतं, आणि एसटी स्टँडजवळच्या एका मोबाईलच्या दुकानात ते मेमरी कार्डात भरून विकलं जात होतं. खरं सांगतो, आम्हाला हसू आलं. गाणी आणि सिनेमे भरून देणारे पाहिले होते, भूगोल चोरणारा पहिलाच. पण कॉपीराइटचा भंग हा गुन्हाच. दोन पंच घेतले, दुकानावर छापा टाकला, कॉम्प्युटर आणि कार्डं जप्त करून पंचनामा केला.

दुकानदार चहाचा कप हातात धरून बसला, पण प्याला नाही. मी त्याला एवढंच विचारलं, "रेकॉर्डिंग कुठं केलंस?"

"म्या कशाला करतोय साहेब? त्या बाईला म्या वळखत बी न्हाई. कार्ड ठेवून गेली, बास."

न विचारलेल्याचं उत्तर माणूस आधी देतो, हा माझा अनुभव. थोडं आणखी ताणल्यावर त्यानं सांगितलं. एक कार्ड बिघडलं तर दुसरं असावं म्हणून ती बाई नक्कल करायला कार्ड देऊन गेली होती. यानं तिच्यासाठी नक्कल केलीच, शिवाय कॉलेजच्या पोरांनाही विकायला लागला; बाई आपली कार्डं न्यायला यायच्या आधीच आमचा छापा पडला. बाईचा पत्ता मात्र त्याच्याकडे खरोखरच नव्हता.

मग मी आणि आमचे हवालदार ते कार्ड लावून बसलो. हवालदार मार्गासनीचे, तो सगळा मुलूख त्यांच्या पायाखालचा. बाईनं सुरुवातच अशी केली होती: "या पुस्तकातला कोणताही भाग परवानगीशिवाय नक्कल करू नये, केल्यास कायदेशीर कारवाई होईल." चोरीच्या मालावर चोरानंच ताकीद वाचलेली! हवालदारांनी कपाळाला हात लावला. मागं शेळ्यांच्या घंट्या वाजत होत्या. मध्येच एका पोराचा शहरी आवाज आला, "ताई, पाली दरवाज्याची वाट हीच का?"

"व्हय, सरळ जावा. पाणी घ्या भरून, वर लई ऊन हाय," असं सांगून बाई पुन्हा पर्जन्यमानाकडं वळली.

"साहेब, ही पालीची," हवालदार म्हणाले. "राजगडाखालची."

आम्ही हसतच होतो. तेवढ्यात ती म्हणाली, "हितं नकाशा हाय. नदी डावीकडनं येतीया. आपली गुंजवणी वळती ना, तशी वळती अन् मोठ्या नदीला मिळती. तळहातावर बोट फिरव, म्हंजी कळंल."

हवालदारांनी आवाज बंद केला. ऐकणाऱ्याला दिसत नव्हतं.

वेल्हे ठाण्याला कळवलं आणि महिला कॉन्स्टेबलला सोबत घेऊन पाली गाठली. वस्ती शेळ्या-मेंढ्यावाल्यांची. दारात एक तरुण मुलगी लसूण सोलत बसली होती. लहानपणीच्या तापात तिची दृष्टी गेली होती. वाचणारी बाई तिची वहिनी, दहावी शिकलेली. घरात गलका, म्हणून शेळ्यांमागं जाताना पुस्तक आणि मोबाईल घेऊन जायची. नणंदेला अपंगांच्या जागेवर नोकरीची परीक्षा द्यायची होती. परीक्षा तोंडावर आली होती, आणि तिचा सगळा अभ्यास आमच्या मुद्देमालाच्या खोलीत लाखेची मोहर लावून पडला होता.

"ताई, पुस्तकावर ताकीद होती, ती तुम्ही वाचलीत," मी म्हणालो.

"वाचली की. हिनं बजावलं व्हतं, छापलंय ते समदं वाचायचं, गाळायचं न्हाई. म्हंजी गुन्हा हाय ह्ये मला ठावं व्हतं साहेब." तिनं पदर खोचला. "मला न्या. पर ते कार्ड तेवढं हिला द्या."

नणंद ताडकन उठली. "वहिनीला कशाला? ऐकलं म्या. मला न्या."

घराघरांत नणंद-भावजयींच्या कागाळ्या ऐकून माझे कान किटले होते. त्या दिवशी मला भरून आलं, आणि ते लपवायला मी शेळ्यांची चौकशी करत बसलो.

भोरला परतल्यावर सरकारी वकिलांकडं गेलो. त्यांनी तोच कायदा पुढं उघडून दाखवला. ज्याला छापील पुस्तक वाचता येत नाही, त्याच्यासाठी ते वाचून, ध्वनिमुद्रित करून देणं हा गुन्हा नाही. वहिनीचा जबाब साक्षीदार म्हणून घेतला, आरोपी दुकानदार एकटा. प्रकाशनाच्या माणसाला ठाण्यात बसवून नकाशाची ती जागा ऐकवली. कार्ड परत द्यायला आपली हरकत नाही, असं त्यानं लगेच लिहून दिलं. पुराव्यापुरती प्रत ठेवून कोर्टाच्या हुकमानं कार्ड परीक्षेआधी पालीला पोचलं. हवालदार स्वतः घेऊन गेले, आणि हे वाचणं गुन्हा नाही हा माझा निरोपही वहिनीला देऊन आले.

कायद्याचं पहिलं पान सगळ्यांना पाठ असतं, आम्हा पोलिसांना तर जास्तच. पुढची पानं वाचायची सवय मला त्या केसनं लावली. नोकरीत शिकलेल्या गोष्टींत मी ही वरची मानतो.

निवृत्तीनंतर एकदा भोरमधल्या एका सरकारी कचेरीत गेलो होतो. फोन घेणाऱ्या मुलीनं माझ्या आवाजावरून मला ओळखलं. चहा मागवला, वहिनीची खुशाली सांगितली. बढतीच्या परीक्षेचं नवं पुस्तक वहिनी वाचतेय म्हणाली, आणि मोबाईल माझ्या कानाला लावला. त्याच घंट्या, तोच आवाज.

"या पुस्तकातला कोणताही भाग परवानगीशिवाय नक्कल करू नये." मग जरा थांबून, "पर आपल्याला चालतंय, साहेबांनी सांगितलंय. ऐक बाय, पान पयलं."