एका पायाच्या चार नोंदी

हिंजवडीकडे कंपन्यांच्या बसगाड्या नुकत्याच धावायला लागल्या होत्या, तेव्हा मी महापालिकेच्या समाज विकास विभागात लिपिक होतो. शहर इतकं झपाट्याने वाढत होतं की उद्घाटनाची पत्रिका टेबलावर आली की आम्हाला कळायचं, अरे, इथेही पूल झाला. त्या पुलांखाली झोपणाऱ्या माणसांचं मला तेव्हा फारसं काही वाटत नव्हतं, हे कबूल केलेलं बरं. 'आपल्या टेबलाचं काम नाही' हे वाक्य तोंडात इतकं बसलं होतं की बायकोने भाजी आणायला सांगितली तरी तेच बाहेर पडायचं.

मग आमच्याकडे विभागप्रमुख म्हणून नव्या मॅडम बदलून आल्या. लातूरकडच्या, पन्नाशीला टेकलेल्या, आवाज हळू. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला विचारलं, "स्टेशनजवळच्या पुलाखाली एक गृहस्थ बसतात, पायाला बँडेज असलेले. पाहिलंत?"

"मॅडम, तिथे बरेच गृहस्थ बसतात," मी म्हटलं.

"मग चला, ओळख करून घेऊ."

तो यवतमाळकडचा गवंडी होता. हिंजवडीतल्या एका इमारतीवर कामाला आला होता. फळी निसटून पाय कापला गेला. जखम चिघळली, काम संपलं, मजुरांचे पत्र्याचे शेड हटवले गेले, सोबतचे लोक दुसऱ्या गावी गेले आणि हा मागे राहिला. त्याने आम्हाला सरकारी रुग्णालयाचा कागद दाखवला. त्यावर डॉक्टरांनी लिहिलं होतं, 'पाय कोरडा व स्वच्छ ठेवावा.' पुलाच्या सांध्यातून पाणी ठिबकत होतं. त्याचं अंथरूण एका कडेने ओलं होतं.

"औषद देते डाक्टर, नाई म्हनत नाई," तो म्हणाला. "पन पाय कोरडा ठेवा म्हंते. तुमीच सांगा बाई, ठेवू कुठं?"

मॅडमनी तो कागद दोनदा वाचला. दुसऱ्या दिवशी मला बोलावून म्हणाल्या, "गेल्या सहा महिन्यांत या एका माणसासाठी कोणकोणत्या सरकारी खात्याने काय काय केलं, ते मला शोधून द्या. पत्र पाठवू नका. स्वतः जा."

मी नाखुशीनेच गेलो. रुग्णालयाच्या नोंदवहीत तो पाच वेळा दाखल झालेला सापडला, दर वेळी त्याच जखमेसाठी. पोलीस चौकीत त्याची नोंद वेगळी होती. कुणी मोठे पाहुणे शहरात यायचे असले की त्याला उचलून दूर सोडत आणि तो लंगडत परत येई. रुग्णवाहिकेच्या वहीत तो 'अनोळखी पुरुष' होता. आणि अतिक्रमण विभागाच्या गोदामात मला त्याचं बोचकं मिळालं, पदपथ मोकळा करताना उचललेलं. आत एक थापी, एक ओळंबा, एक सदरा आणि जखमेवरच्या गोळ्यांची जवळजवळ भरलेली पाकिटं. ते बोचकं मांडीवर घेऊन मी गोदामाच्या पायरीवर बराच वेळ बसलो. नोकरीच्या अठरा वर्षांत कुठल्याही कागदाने मला असं बसवून ठेवलं नव्हतं.

मॅडमनी सगळ्यांना बैठकीला बोलावलं. बोलावलं म्हणजे आदेश काढला नाही. प्रत्येकाच्या कचेरीत जाऊन बाहेरच्या बाकावर, येणाऱ्या-जाणाऱ्या लोकांबरोबर बसून राहिल्या आणि आत बोलावल्यावर एवढंच म्हणाल्या, "अर्धा तास हवाय तुमचा. चहा माझ्याकडे." त्यामुळे नाही म्हणणं अवघड झालं. रुग्णालयाचे डॉक्टर आले, पोलीस निरीक्षक आले, अतिक्रमणचे अधिकारी आले, भवन विभागाचे अभियंता आले. आणि पाचव्या खुर्चीवर मॅडमनी त्या गवंड्याला बसवलं.

मी चारही ठिकाणच्या नोंदी वाचून दाखवल्या. सोमवारी मलमपट्टी, गुरुवारी बोचकं जप्त, पुढच्या आठवड्यात पुन्हा दाखल. डॉक्टरांनी मध्येच हात वर केला.

"थांबा. म्हणजे मी दिलेल्या गोळ्या यांच्या गाडीत गेल्या?"

"आम्हाला पदपथ मोकळा करायचे आदेश असतात, डॉक्टर," अतिक्रमणचे अधिकारी म्हणाले. "बोचक्यात औषध आहे की विटा, ते कसं कळणार?"

"अहो, उघडून," निरीक्षक म्हणाले.

हशा पिकला. मॅडम हसल्या नाहीत. "चूक कुणाचीच नाही," त्या म्हणाल्या. "प्रत्येकाने आपापलं काम केलंय. सगळ्यांनी मिळून एवढा खर्च केला, तरी पाय तिथेच आहे."

डॉक्टर त्या माणसाच्या पायाकडे बघत होते. "पाच वेळा खाट दिली मी याला," ते हळूच म्हणाले. "तेवढ्या पैशांत एक खोली भाड्याने घेता आली असती."

"खोली आहे," मॅडम म्हणाल्या. "पटसंख्येअभावी बंद पडलेली आपलीच शाळा आहे. किल्ली कुणाकडे आहे, तेवढं ठरवायला आपण जमलोय."

अभियंत्यांनी सांगितलं, किल्ली शिक्षण विभागाकडे. मी तिथे फोन लावला, तर ते म्हणाले भवन विभागाकडे. अभियंत्यांचा चेहरा उतरला. मग ते उठले, "आणतो मी" म्हणाले आणि स्वतःच्या स्कूटरवरून गेले. तासाभराने परतले तेव्हा किल्ली होती, शिवाय पाणी आणि वीज कधी जोडून देणार त्याचे वार एका कागदावर लिहून आणले होते. ते कुणी मागितले नव्हते.

शाळेत निवारा सुरू व्हायला दीड महिना लागला. त्या दीड महिन्यात मॅडमनी मला जितकं चालायला लावलं, तितकं मी आयुष्यात चाललो नव्हतो. रुग्णालयातली परिचारिका आठवड्यातून दोनदा तिथे येऊ लागली. निरीक्षकांनी गस्तीच्या पोलिसांना सांगून ठेवलं, उचलायचं तर शाळेत आणून सोडा. अतिक्रमणची गाडी निघण्याआधी मला फोन यायला लागला. बाकांच्या जागी खाटा आल्या. फळ्यावर कुणीतरी आपलं आणि आपल्या गावाचं नाव लिहिलं, मग बाकीच्यांनीही लिहिलं, आणि ते कुणी पुसलं नाही.

सगळं गोड झालं असं नाही. एक म्हातारी तिसऱ्या दिवशी निघून गेली, दाराला कडी लावली की तिला गुदमरायचं. एक जण पहिल्याच थंडीत गेला. त्याच्या गावचा पत्ता आम्हाला शेवटपर्यंत सापडला नाही, आणि मॅडम स्वतः त्याच्या अंत्यविधीला उभ्या राहिल्या. पण गवंड्याची जखम अडीच महिन्यांत भरली. एका सकाळी तो माझ्या टेबलापाशी चपला घालून उभा होता.

"मांजरी गावाकडे घरं बांधून राह्यले, साहेब. मिस्त्री लागते तिथं."

"पाय?"

"कोरडा हाय," तो म्हणाला आणि हसला.

दोन वर्षांनी मॅडमची बदली झाली. निरोपाला डॉक्टर आले, अभियंता आले, अतिक्रमणचे अधिकारीही आले. निरीक्षक उशिरा पोहोचले. हार घातला आणि लगेच घड्याळ बघत मला म्हणाले, "पुढची बैठक माझ्या चौकीत घेऊ. चहाचं मी बघतो, नोंदी तुम्ही आणा."

मॅडम तेव्हा कुणाचा तरी फोन ऐकत होत्या. त्यांनी ते ऐकलं की नाही, मला माहीत नाही.