तेरवीची तिरपी अक्षरं

गोंदियाच्या बाजारात गुलाबचंदचा छापखाना होता आणि तिथे अक्षरांचे खिळे जुळवायला शालीकराम. १९५४ साली मुंबईहून नवा तिरपा टाइप आला नि शालीकरामला त्याची भुरळच पडली. वाऱ्यानं कललेल्या धानासारखी अक्षरं. उभी रेघ भरदार, वळणाची केसाइतकी बारीक, टोकाला नाजूक फाटा. त्या हंगामातल्या साऱ्या लग्नपत्रिका त्याने त्याच अक्षरांत काढल्या. ज्यांना वाचता येत नसे तेही त्या हातात घेऊन पाहत बसत.

उन्हाळा सरता सरता सौंदडचा बकाराम आला, डोकं भादरलेलं. शालीकरामचा लहानपणचा सवंगडी. वडील केशोराव गेले होते. तेरवीच्या पत्रिका हव्या होत्या.

"साध्याच काढ गा," तो म्हणाला.

केशोरावांचं नाव देखणं दिसावं, असं शालीकरामने मनाशी म्हटलं. खरं तर त्याचे हातच त्या खिळ्यांसाठी शिवशिवत होते. पत्रिका त्याने त्याच तिरप्या अक्षरांत जुळवल्या. दुःखाच्या पत्राचा कोपरा फाडायची रीत. पण वरच्या ओळीची शोभा जाईल म्हणून त्याने तोही फाडला नाही. बकारामने दिलेल्या पत्त्यांवर पत्रिका तशाच टपालात टाकल्या.

तेरवीला तो सौंदडला गेला. अंगणात माणसं माना खाली घालून बसली होती. एवढ्यात स्टेशनच्या वाटेवरून गाणं ऐकू आलं. लग्नाचं! दरेकशाहून केशोरावांची मावसबहीण जमुनाबाई चार बायांना घेऊन येत होती. अंगावर नवी लुगडी, डोक्यावर आहेराची टोपली, तीत हिरव्या बांगड्या.

"कोठं हाये आमची नवरी? रुख्मा, ये रुख्मा!"

रुख्मा केशोरावांची लग्नाला आलेली लेक. पण दारात आली ती तिची आई, देवकाबाई. कपाळ कोरं, हात मोकळे. जमुनाबाईनं डोक्यावरची टोपली खाली उतरवली. "माझा भाऊ?" एवढंच म्हणून ती मटकन खाली बसली.

पोस्टमन 'सौंदडचं आलं' म्हणत पत्रिका जमुनाबाईच्या उंबऱ्यावर टाकून गेला होता. तिला आकडे तेवढे कळत. तारीख तिनं पाहिली. अक्षरं लग्नाचीच, कोपराही शाबूत.

बकाराम शालीकरामकडे वळला. "साध्या काढ म्हटलं होतं ना तुले? काऊन केलं असं?"

"सुंदर दिसते म्हणून..."

बकाराम पत्रावळी मांडायला निघून गेला.

शालीकरामने जमुनाबाईचे पाय धरले. "माझी चूक हाये, बाई."

ती पदराखाली बांगड्या लपवत होती. "तुमी तं लिहिलंच होतं, बापू. आमालेच वाचता येत नाई. भावाच्या तेरवीले गात आली मी. आता या गावात तोंड कसं दाखवू?"

त्याला वाटलं, हिनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पत्रावळीवर बसला, पण अन्नाला हात न लावताच उठला.

पुढे बकाराम बाजाराला आला की छापखान्यात डोकावे. "शालीकराम हाये का?" विचारी. शालीकराम आतल्या खोलीत कागदांच्या गठ्ठ्यांमागे उभा राही, आणि गुलाबचंद सांगे, "अभी बाहर गया है."