तिसरं रीडिंग

"अक्का, चपला काढून काट्यावर उभ्या राहा," सर म्हणाले. नववीचा वर्ग जिन्याखाली घोळका करून उभा होता. मी चढले. सरांनी माझं वजन मोठ्यानं वाचलं. मागून कुणीतरी शिट्टी मारली.

"सकाळी काय खाल्लं?"

"रात्रीचा भात, सर."

"म्हणजे शिळं इंधन." सर पोरांकडे वळले. "ही झाली रासायनिक ऊर्जा. अक्का दोन मजले चढणार, म्हणजे तिची स्थितिज ऊर्जा होणार. किती वेळात चढली, त्यावरून शक्ती काढायची."

मारतहळ्ळीतल्या एका बड्या शाळेत मी लॅब अटेंडर आहे. पन्नाशी जवळ आली. हा प्रयोग खरं तर मुलांनी स्वतः पळून करायचा. पण मागे एका मुलाचा पाय मुरगळला, आईबापांनी गोंधळ घातला. तेव्हापासून आमच्याकडे पोरं नुसती मोजतात. पळायला माणूस आणतात.

मी पदर खोचून पळाले. वर पोचले तेव्हा कठडा सोडवेना. खालून एक मुलगा विचारत होता, "सर, आता ती वरून पडली तर?"

"तर स्थितिजची गतिज. जमिनीवर आपटली की आवाज आणि उष्णता."

हशा पिकला. सरही हसले.

उत्तर शंभर वॅटच्या जरा वर आलं. "तुमच्या घरचा मिक्सर हिच्यापेक्षा बरा," सर म्हणाले. "चला, दुसरं."

लॅबचा नियमच आहे. रीडिंग तीन घ्यायची, मग सरासरी. दुसऱ्यांदा पळाले. गुडघ्यात कळ गेली, डोळ्यांपुढे अंधारी. आणि वरच्या पायरीवर पुट्टम्मा आठवली. वर्षभर कुणाला बोलले नाही, ते आता बोलते.

माझ्याआधी पुट्टम्मा पळायची. शाळेची झाडूवाली. तिला बोलवायला मीच जायची. स्टॉपवॉच माझ्या हातात. मी लॅबवाली, ती झाडूवाली. माझ्या कपातून मी तिला कधी चहा दिला नाही. गेल्या वर्षी तिसऱ्या रीडिंगला ती तिच्या अर्ध्या कानडीत म्हणाली, "बेडा अक्का, नको. स्वल्प चक्कर येतीय."

मी म्हणाले, "एकच तर राहिलंय. पळ." आणि बटण दाबलं.

मधल्या वळणावर ती बसली. तिथंच उलटी झाली. सर म्हणाले, रीडिंग वाया गेलं. मी घड्याळ शून्यावर आणलं. मग बादली आणून तिच्याच हातात दिली. पोरं हसली. मीही हसले. तिनं जिना पुसला. दुसऱ्या दिवसापासून ती कामाला आली नाही.

मी तिच्याकडे गेले नाही. कशाला जाऊ? यंदा पळायला माणूस नव्हता, म्हणून मी.

"अक्का, खाली या. तिसरं," सर ओरडले.

"तिसरं होणार नाही."

"मग सरासरी कशी काढायची?"

"तुम्ही पळा, सर. मी घड्याळ धरते. माझा हात बसलाय त्यात."

सरांनी वही मिटली नि ते तडक ऑफिसात गेले.

संध्याकाळी प्रिन्सिपल मॅडमनी बोलावलं. "सोमवारी त्याच वर्गापुढे सरांची माफी मागायची. नाहीतर गेटच्या आत यायचं नाही."

घरी माझे थोरले भाऊ, अण्णा, म्हणाले, "माग की. तोंडाला काय पडतंय? या वयात दुसरीकडे कोण घेणार तुला?"

बरोबर आहे त्यांचं. कुणी घेणार नाही.

शहराच्या दुसऱ्या टोकाला, हेब्बाळला, पुट्टम्माचं घर आहे. तिथं जाणार आहे. तिनं दार उघडावं असा काही माझा हक्क नाही.

आणि सोमवारी माफी मागणार. त्याच जिन्याखाली, त्याच पोरांपुढे. पुट्टम्माची, तिचं नाव घेऊन. बटण कुणी दाबलं, बादली कुणी दिली, कोण कोण हसलं, सगळं सांगणार. सरांची माफी मात्र मागणार नाही. पुढं गेट बंद करायचं तर करू देत. पण या जिन्यावर तिसऱ्यांदा कुणी पळणार नाही.