मधल्या चित्रांची अक्का

“स्वल्प थांब की गं, अजून डोळा मिटायचाय!” हे अक्काचं ठरलेलं वाक्य. बेळ्ळंदूरच्या आमच्या अ‍ॅनिमेशन स्टुडिओत मी कामाच्या तारखा सांभाळायचे, म्हणजे लोकांच्या मागे लागायचे. तिच्या मागे लागलं की ती आधी आरशात बघून स्वतःचा डोळा हळूहळू मिटायची, मगच पेन उचलायची.

ती निपाणीची, चाळिशीची. सगळे तिला अक्का म्हणायचे. उघडा डोळा आणि मिटलेला डोळा दुसरं कुणी काढायचं, त्यांच्या मधली चित्रं अक्काची. लहानपणी टीव्हीवर हिंदीत बोलणारी जपानी कार्टून बघितली, तेव्हापासून एकच वेड: एकदा तरी जपानात बसून हे काम करायचं.

मी नाक मुरडायचे. “काय ती कार्टून! अर्धा वेळ सगळे नुसते उभे.”

“अगं, सुरुवातीला टीव्हीला दर आठवड्याला भाग द्यायचा, माणसं मोजकी. करतील काय? चेहरा तसाच ठेवला, नुसते ओठ हलवले, मागचं आभाळ सरकवलं. अडचणीतनं रीत निघाली बघ. आता त्यावरच जग खुळं झालंय!”

आणि तिचं मराठी! तिकडच्या बायका बोलतात तसं “मी जातो, मी करतो.” मी पडले पुण्याची, शहाणी. “अक्का, जातो नाही, जाते.”

“सरी,” ती कानडीत ‘बरं’ म्हणायची, “जाते म्हणतो.”



गेल्या वर्षी टोकियोतल्या एका स्टुडिओनं तिला ऑनलाइन मुलाखतीला बोलावलं. धीर यावा म्हणून तिनं मला शेजारी बसवलं. जपानी ती कार्टून बघूनच शिकलेली. पहिल्याच वाक्याला पडद्यावरचे चेहरे गंभीर झाले. दुभाषी मुलगी हळूच इंग्रजीत म्हणाली, “तुम्ही स्वतःला ‘ओरे’ म्हणालात. तो दांडगट पोरांचा ‘मी’ आहे.”

इतक्या वर्षांचं स्वप्न एका शब्दापायी गेलं!

अक्का लालबुंद झाली, पण बोलली. “चुकलं. आमच्या गावात बायका पुरुषांसारखंच बोलतात. मला तो शब्द घरचाच वाटला.”

दुभाषीनं ते सांगताच मधे बसलेले वयस्कर गृहस्थ खो खो हसले. “उत्तरेकडच्या खेड्यात माझी आजीही स्वतःला ‘ओरे’च म्हणायची.” मग तासभर ते तिची चित्रं बघत राहिले. महिन्याभरात बोलावणं आलं. तिचं मराठी सुधारणं मी मुलाखतीच्या दिवशीच सोडलं होतं.

ती जपानला गेल्यापासून ऑफिसात करमत नाही. परवा इथल्या राजाजीनगरला तिनं काम केलेला सिनेमा लागला. थिएटर कॉलेजच्या पोरांनी भरलेलं, जपानी गाणी त्यांना तोंडपाठ. शेवटी नावं सरकू लागली, सगळी जपानी अक्षरांत. तिचं कुठलं, मला वाचता येईना. मग मी उभी राहिले आणि प्रत्येक नावाला टाळ्या वाजवल्या.